पहिल्या धारेचा मागोवा

चिखलदऱ्याला गेलेल्या माणसाला कीचकाची गोष्ट ऐकावीच लागते. भीमाने कीचकाला मारून याच दरीत लोटले, रक्ताने माखलेले हात भीमकुंडात धुतले, अशी ती आख्यायिका. सांगणारे तिचा शेवट रंगवून सांगतात आणि सुरुवात गाळतात. विराटपर्वात द्रौपदी कीचकाच्या वाड्यात जाते ती हौसेने नव्हे. सुदेष्णा राणी तिला भावाकडून मद्य आणायला पाठवते. सणाचे निमित्त असते, कीचकाने खास मद्य करवून ठेवलेले असते, आणि पुढचा सगळा अनर्थ त्या एका सुरापात्रापासून सुरू होतो. म्हणजे या डोंगराच्या पहिल्याच कथेत दारू आहे. आज मात्र सुट्टीला डोंगरावर जाऊन तिथलेच पेय चाखावे अशी हौस असलेल्या पाहुण्याला चिखलदऱ्यात मिळते ती कॉफी आणि रबडी. दोन्ही उत्तम, यात वाद नाही. पण सातपुड्याच्या या भागाचे स्वतःचे असे एक जुने पेय आहे आणि ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही. मोहाची दारू एवढी घरगुती असून दृष्टीआड कशी झाली, हे पाहायचे तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

आधी झाड पाहू. मोहाला फाल्गुन-चैत्रात पाने झडल्यावर फुले येतात. मांसल, फिकट पिवळी, बोराएवढी. ती रात्री उशिरा गळायला लागतात आणि सकाळपर्यंत झाडाखाली सडा पडतो. उजाडण्याआधी बायका-पोरे टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला तर हरणे आणि अस्वले वाटेकरी होतात. अंगणात वाळली की फुले मनुकांसारखी तांबूस होतात. सुकलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. म्हणून ती भाकरीत घालतात, गुरांना चारतात, आणि दुष्काळात तर ती अन्नच होती. दारूसाठी हीच फुले पाणी घालून मडक्यात ठेवतात. वेगळे किण्व लागत नाही, ते फुलावर असतेच. दोन दिवसांत मडके खदखदायला लागते, आंबूस वास सुटतो, आणि उसळी शांत झाली की सडवा तयार झाला असे समजतात. तो चुलीवर चढवायचा, तोंडावर दुसरे भांडे उपडे घालून सांधे चिखलाने लिंपायचे, बांबूच्या नळीतून वाफ बाहेर काढायची आणि नळीच्या टोकाचे भांडे गार पाण्यात बसवायचे. थोड्या वेळाने नळीतून थेंब, मग धार. पहिल्या धारेचे थेंब विस्तवावर टाकले तर भडका उडतो. पुढची धार सौम्य होत जाते. विस्तव किती ठेवायचा, धार कुठे थांबवायची, हे नाकाने आणि जिभेने ठरते. मराठीत 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग दारूचा थेंबही न चाखलेले लोक सर्रास वापरतात, यावरून ही कला किती घरोघरची होती ते कळावे.

ग्रंथांत मोह फार लवकर येतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात आसवांचे 84 प्रकार मोजले आहेत: धान्यांची 6, फळांची 26, मुळांची 11, खोडाच्या गाभ्याची 20, फुलांची 10, आणि अशीच पुढे कांडी, साल, पाने, साखर. फुलांच्या दहांत कमळांच्या जातींबरोबर मधूक म्हणजे मोह आहे, आणि धातकी म्हणजे आपली धायटीही आहे. वैद्याला त्यात औषध दिसले. राज्यकर्त्याला काय दिसले ते कौटिल्य सांगतो. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. दारू कुठे गाळायची, कोणाला किती विकायची, पानगृहात आसने, फुले, पाणी यांची सोय कशी ठेवायची, इथपर्यंत त्याचे खाते पसरलेले. कोणी ऐपतीबाहेर खर्च करत असेल तर त्याच्यावर नजर ठेवायची, हेही त्यात आहे. पण याच प्रकरणात दोन सवलती आहेत आणि आपल्या मागोव्यात त्या महत्त्वाच्या ठरतात. कुटुंबांना घरच्या कार्यासाठी आणि औषधासाठी स्वतः मद्य करण्याची मुभा. आणि उत्सव, मेळे, यात्रा यांत चार दिवस मद्याची मोकळीक. एवढ्या करड्या शासनशास्त्रज्ञानेही सण आणि घर यांना हात लावला नाही.

फुले आंबवणे एक आणि ते गाळून धार काढणे वेगळे. भारतात ऊर्ध्वपातन कधी सुरू झाले यावर पुरातत्त्वज्ञांचे एकमत नाही. वायव्येकडे शैखान ढेरी आणि तक्षशिला इथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून ऑल्चिन यांनी 1979 मध्ये ते इथे फार जुने असल्याचे मांडले. इतरांना तो पुरावा अपुरा वाटला. अकबराच्या काळापर्यंत येतो तेव्हा शंका उरत नाही. आईन-ए-अकबरीत अर्क गाळण्याच्या पद्धती वर्णिल्या आहेत, आणि त्यांतली भांडी व पाण्याची रचना सातपुड्यातल्या भट्टीला ओळखीची वाटावी. त्याच अकबराने 1596 च्या सुमारास वऱ्हाड घेतले. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले ज्यांच्या हाती, त्यांचे वऱ्हाड, हे बहमनींपासून चालत आलेले गणित होते. किल्ल्यांच्या मागच्या रानात, मेळघाटात, कोरकू राहत होते आणि आहेत. मुंडा कुळातली भाषा बोलणारे हे सर्वांत पश्चिमेकडचे लोक. त्यांच्या देवाला, पितरांना, भूमका म्हणजे पुजाऱ्याच्या विधीला आणि होळीनंतरच्या मेघनाथाच्या जत्रेला मोहाची धार लागते. किल्ल्यावर बहमनी गेले, इमादशाही आली, मोगल आले, निजाम आणि भोसले आले. खाली चुलीवर फरक पडल्याची नोंद नाही. मैदानातल्या गावांत मात्र गाळण्याचे काम कलालाच्या हाती गेलेले होते. हा पहिला हस्तबदल. रानात ज्याची फुले त्याची धार. गावात फुले एकाची, भट्टी दुसऱ्याची. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या जातिकोशात कलार सावकार आणि जमीनदार झालेले दिसतात, ते या भट्टीच्याच आधाराने.

15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीने गाविलगड घेतला. 1823 मध्ये हैदराबादच्या पलटणीतला कॅप्टन रॉबिन्सन गडाशेजारच्या पठारावर पोचला आणि चिखलदरा हे गोऱ्या साहेबांचे हवा खाण्याचे ठिकाण झाले. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले. इथे आपण क्षणभर उत्तरेकडे पाहू, कारण थंड हवेचे ठिकाण आणि मद्यगृह यांची जोडी त्याच सुमाराला जमत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एडवर्ड डायर याने कसौलीला बिअरचा कारखाना चालवला (जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा हा बाप), आणि 1860 मध्ये मरीजवळ घोडा गली इथे मरी ब्रुअरी निघाली. झऱ्याचे पाणी, किण्वाला मानवणारी थंड हवा, आणि खाली अंबाला-रावळपिंडीच्या छावण्यांत तहानलेली गोरी फौज. तिन्ही गोष्टी जुळल्या. चिखलदऱ्यात हवा होती, पाणी होते, फौज मात्र फार नव्हती. त्यामुळे इथे साहेबाने कॉफी लावली, आणि महाराष्ट्रात कॉफी पिकणारे ठिकाण म्हणून चिखलदरा आजही ओळखला जातो. बार्ली काही या डोंगरावर चढली नाही.

साहेबाने स्थानिक दारू चाखलीच नाही असे मात्र नाही. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा जंगल आणि जमाबंदीचा अधिकारी सातपुडाभर हिंडला. 1862 मध्ये पचमढीला त्याने बायसन लॉज बांधले. 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' या पुस्तकात त्याने मोहाच्या दारूवर शेरा मारला आहे: नीट गाळलेली आणि जुनी होऊन मुरलेली असेल तर ती मुळीच टाकाऊ नसते, काहीशी आयरिश व्हिस्कीसारखी लागते. आज पर्यटक पेल्यांची ओळ मांडून घोट घोट चाखतात आणि चवीची टिपणे करतात. सातपुड्यातल्या पेयाचे तसे पहिले टिपण मला तरी हेच वाटते. त्यातला 'मुरलेली' हा शब्द लक्षात ठेवू या. 1871 मध्ये या डोंगरांत मोहाची दारू मुरवत ठेवणारे कोणी तरी होते, आणि तिला लपवण्याची त्याला गरज नव्हती.

ती मोकळीक संपत आली होती. इंग्रजी अमलाला दारूत दोन प्रकारे पैसा दिसला. एक, भट्टीचा लिलाव: जास्त बोली लावील त्याने ठरलेली रक्कम भरावी आणि मग हवी तेवढी गाळावी. साहजिकच ठेकेदार जास्तीत जास्त गाळी आणि जास्तीत जास्त पाजी. दुसरा, मध्यवर्ती गाळणी: सरकारी नजरेखाली एकाच जागी दारू गाळायची, तिचा कडकपणा मोजायचा, त्यावर गॅलनमागे कर घ्यायचा आणि मग ती दुकानांत पाठवायची. मुंबई इलाख्याने 1878 चा अबकारी कायदा करून दुसरी वाट धरली. घरची चूल तेव्हाच बेकायदा झाली होती, पण फुले जंगलात फुकट पडत होती. म्हणून 1892 मध्ये मोहाचाच कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करणे आणि बाळगणे यांवर बंधने आली. ज्याला गरिबाचे धान्य म्हणत ते फूल घरात सापडले तर जाब द्यायचा. वऱ्हाड त्या कायद्याच्या हद्दीत नव्हते, तरी वारे त्याच दिशेने वाहत होते. मेळघाटचे जंगल राखीव झाले, 1903 मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला, 1905-06 च्या भारतीय अबकारी समितीने ठेकेदारांमार्फत मध्यवर्ती गाळण्यांतून पुरवठा करावा अशी शिफारस केली, आणि मध्य प्रांताचा 1915 चा अबकारी कायदा त्याच धर्तीवर उभा राहिला. मजा अशी की ज्या फुलावर पहारा बसला त्याचीच सरकारला मध्येच निकड भासली. पहिल्या महायुद्धात कॉर्डाइट बनवायला अॅसिटोन लागे, आणि ते मोहाच्या फुलांपासून काढण्यासाठी नाशिकला कारखाना उभारला गेला.

आता दुसऱ्या बाजूने येणाऱ्या लोकांकडे वळू, कारण दारूचा इतिहास केवळ पिणाऱ्यांचा आणि कर घेणाऱ्यांचा नसतो. 1876 मध्ये शेंडगाव इथे, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, एका परटाच्या घरी पुढे गाडगेबाबा झालेला डेबूजी जन्मला. बाप झिंगराजी दारूपायी गेला आणि मायलेकरांना मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या आसऱ्याला जावे लागले. पुढे डेबूजीला मुलगी झाली, बारशाचे जेवण आले. अशा प्रसंगी भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची हा जातीचा रिवाज. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. गाडगेबाबांच्या चरित्रात हा प्रसंग सगळे सांगतात. त्यातली जोखीम मात्र आज पटकन ध्यानात येत नाही. पंगत नाराज होऊन उठली तर जातीत राहणे कठीण, असा तो काळ होता. मेळघाटातली सणाची धार आणि मैदानातल्या शेतमजुराला उधारीवर पाजलेली दारू या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि गाडगेबाबांचा हात दुसरीवर होता, असे मला वाटते. असहकाराच्या लाटेत 1921 मध्ये दुकानांपुढे निरोधन झाले. दक्षिण गुजरातेत 1922-23 मध्ये आदिवासींनी देवीच्या आज्ञेने आपण होऊन दारू सोडली, तेव्हा पारशी मक्तेदारांचे धाबे दणाणले. 1937 मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि 1938 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडाने दारूबंदीचा कायदा केला. पण 1939 मध्ये मंत्रिमंडळच राजीनामा देऊन बाहेर पडले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 चा दारूबंदी अधिनियम आणला. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो द्वैभाषिक मुंबईत आला आणि 1959 च्या विस्तार अधिनियमाने तोच कायदा इथेही लागला. महाराष्ट्रात तो अजून, नाव बदलून, जारी आहे. साठीच्या दशकात बंदी सैल झाली आणि 1973 मध्ये देशी दारूचे नियम झाले. या 1973 कडे थोडे निरखून पाहिले पाहिजे, कारण मोहाचा खरा पाडाव बंदीने केलेला नाही. देशी दारू कायदेशीर झाली ती मळीच्या मद्यार्काची. साखर कारखाने वाढले होते, मळी साचत होती, तिचा मद्यार्क स्वस्त आणि एकसारखा निघत होता. त्यात पाणी, रंग आणि चव मिसळली की बाटली तयार. चव बहुधा संत्र्याची. परतवाडा, मोर्शी, वरूड हा संत्र्याचा मुलूख. तिथल्या मजुराने साखरपट्ट्यातल्या उसाची मळी संत्र्याच्या वासाने प्यायची आणि मागच्या डोंगरातले फूल गुन्ह्यात जमा, असा हा व्यवहार झाला. एक झाड अर्थव्यवस्थेतून कसे उठवले जाते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

बेकायदा झालेली कला बिघडते, हे ओघानेच आले. हातभट्टीवाल्याला पोलीस यायच्या आत माल उठवायचा असतो. आठ दिवस आंबवायला वेळ नाही, म्हणून गूळ आणि नवसागर. धार कुठे तोडायची याचा विचार नाही, कारण गिऱ्हाईक ओळखीचे नाही. मुरवणे तर सोडाच. फोर्सिथने चाखलेली जुनी, मऊ दारू मिळायची तर मडके वर्ष-दोन वर्षे कोणाच्या तरी घरात निर्धास्त राहायला हवे, आणि ज्या घरात ते सापडले तर गुन्हा दाखल होतो तिथे ते रात्रभरही ठेवत नाहीत. त्यात हातभट्टीने उजाडलेल्या घरांतल्या बायका गप्प बसल्या नाहीत. गावोगाव मटके फोडणारी महिला मंडळे, मतदानाने दुकान बंद पाडणारी 'आडवी बाटली', या चळवळींनी जे सोसून मिळवले ते पेयाच्या रसिकतेपायी दुर्लक्षिण्यासारखे नाही. पेसा कायद्याने 1996 मध्ये अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके त्या क्षेत्रात येतात. बंदी आणि नियमन, दोन्ही शब्द कायद्यात आहेत. पहिल्याचाच वापर जास्त ऐकू येतो.

मेळघाटाच्या उत्तर कडेला आता आपण येऊन पोचतो. पलीकडे बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर. तिथेही कोरकूच, सोयरीक दोन्हीकडे. सत्तरच्या दशकात केंद्राने राज्यांना सांगितले की आदिवासींना स्वतःपुरती, विधीपुरती दारू करू द्यावी आणि ठेकेदार हटवावेत. मध्य प्रदेशच्या कायद्यात अनुसूचित जमातींना घरगुती वापरापुरती, मर्यादा घालून, तशी सूट आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात नाही. मामाच्या घरी होळीला जी धार चालते ती भाच्याच्या घरी गुन्हा ठरते. शिवाय मध्य प्रदेशाने 2021 मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य ठरवले, आणि अलीराजपूरला महिलांच्या बचत गटाने 'मोंड' नावाने ती बाटलीत भरली. त्याच्याही आधी 2018 मध्ये गोव्यात 'डेसमंडजी' नावाने मोहाचे मद्य बाजारात आले होते.

महाराष्ट्राची चाल वेगळी पडली. पुण्यात 2009 मध्ये डूलालीने जागेवर बिअर आंबवून जागेवरच विकायला सुरुवात केली आणि छोट्या मद्यगृहांचा जमाना आला. मोहाच्या बाबतीत 2021 मध्ये फुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध उठले. म्हणजे धारणीच्या आठवडी बाजारात फुलांचे पोते घेऊन बसणारीला निदान फुलांसाठी कोणी अडवणार नाही. मग 2022 मध्ये मंत्रिमंडळाने काजूची बोंडे, मोहाची फुले यांच्यापासून केलेल्या मद्याला विदेशी मद्याच्या वर्गात बसवले. कारण साधे होते: देशीच्या वर्गात ते मळीच्या स्वस्त बाटलीशेजारी पडे आणि त्याला भाव येत नसे. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजने 2024 मध्ये 'सिक्स ब्रदर्स महुरा' ही बाटली काढली आणि मोह मुंबईच्या बारमध्ये पोचला. हे सर्व परवाने कारखान्याच्या मापाचे आहेत. जागा, यंत्रे, शुल्क, मोजणी, बाटली भरण्याची सोय, हे सगळे ज्याच्याजवळ आहे त्याला मोह विदेशी मद्य म्हणून गाळता येतो आणि निवांत मुरवताही येतो. ग्रामसभेच्या देखरेखीखाली चालणाऱ्या, वर्षाला काही पिंपेच गाळणाऱ्या भट्टीसाठी तसा सोपा कागद नाही. पुण्यातल्या बिअरसाठी जागेवर आंबवा आणि जागेवर विका ही वाट निघाली. तशीच वाट सेमाडोह-हरिसालच्या रस्त्यावर निघाली, तर फोर्सिथच्या शेऱ्याची शहानिशा करायला लोक चिखलदऱ्यापर्यंत येतील, आणि फुले वेचणारीला फुलांच्या भावाहून चार पैसे जास्त मिळतील.